गाठीतली आग

बरेच महिने झाले, इथे काही लिहिलं नव्हतं. कारणं नेहमीचीच. पेपर तपासणी, लग्नसराई, आणि आळस. पण मे महिन्यात जळगावला एका लग्नात जे पाहिलं ते डोक्यातून जाईना, म्हणून आज बसलोच. आधीच सांगतो, हे वाचून आमच्या घरातले चार-सहा जण रागावणार आहेत. रागवा. पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

तर प्रसंग असा. दुपारची पंगत. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वरून तुपाची धार. आमची आत्या धुळ्याहून आलेली. वय अडुसष्ट, वजन चौऱ्याऐंशी किलो. (वजन तिनंच लिहायला परवानगी दिली आहे. "लिही की, लपतं का ते?" असं म्हणाली.) वाढपी दुसरी बट्टी घेऊन आला आणि आत्यानं ताट पुढे केलं, तेवढ्यात आमच्याच एका नातेवाइकानं मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, एकच बरं का! नाहीतर खुर्ची मोडेल मंगल कार्यालयाची!" सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो. आत्याही हसली. आणि ताट तसंच ठेवून, हात धुवायला उठून गेली.

त्याच पंगतीत, चार वर्षांपूर्वी आमचे धाकटे काका बसले असते. काका म्हणजे काडी. अठ्ठावन्न किलो. घरात त्यांच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य होतं, "अंगावर तोळाभर मांस नाही, याला काय होणार?" त्यांना चौथी बट्टी आग्रहानं वाढली जायची. शर्टाच्या आत एक छोटं टणक पोट होतं, मडक्यासारखं. त्याकडे कुणी बघितलं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी, सकाळी सहा वाजता, दूध आणायला निघाले आणि फाटकापाशीच बसले. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. साखर आधी कधी तपासलीच नव्हती. त्या दिवशी हॉस्पिटलात तपासली तेव्हा ती तीनशेच्या वर निघाली.

एकाच घरातली ही दोन माणसं. एकीला आम्ही आयुष्यभर टोमणे मारले, दुसऱ्याला आयुष्यभर निर्धास्त ठेवलं. दोन्हींकडे आमचा शहाणपणा एकच होता, वजनकाटा. आणि मला आज भांडायचंय ते या वजनकाट्याशी. म्हणजे काट्याशी नाही, तो बिचारा खरंच सांगतो. त्याला पाहून निकाल देणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही. पण याबाबतीत माझा गुन्हा इतरांपेक्षा मोठा आहे, कारण कितीतरी वर्षं मी वर्गात उभं राहून सांगितलं की चरबी म्हणजे साठवण. जास्तीचं खाल्लं, कोठारात गेलं. उपास पडला, कोठारातून काढलं. झालं. मुलं लिहून घ्यायची, एक मार्काचा प्रश्न यायचा. हे खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं, आणि त्यातून जो अर्थ निघतो तो घातक आहे. चरबी जर नुसतं कोठार असेल, तर लठ्ठ माणूस म्हणजे ज्यानं कोठार हावरटपणे भरलं तो. आणि बारीक माणूस म्हणजे ज्याचं कोठार रिकामं आहे तो, म्हणजेच सुरक्षित. आमच्या घरातली दोन्ही वाक्यं या एका चुकीच्या चित्रातून निघालेली आहेत.

खरं चित्र गेल्या तीसेक वर्षांत हळूहळू पुढे आलंय. 1993 साली बोस्टनमध्ये गोखान होटामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचं रसायन सापडलं. हे रसायन शरीर जंतूंशी लढताना वापरतं. जंतू तर कुठेच नव्हते. मग चरबीत हे काय करत होतं? त्यांनी ते निष्प्रभ केलं तेव्हा त्या उंदरांमध्ये इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं. पुढच्याच वर्षी लेप्टिन सापडलं. चरबी मेंदूला निरोप पाठवते, "साठा पुरेसा आहे" असं कळवते, हे कळलं. म्हणजे कोठार बोलत होतं!

मग डिसेंबर 2003 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँथनी फेरान्टे यांच्या गटाचा, दुसरा मिलेनियम या औषध कंपनीतल्या संशोधकांचा. दोन्हींचं म्हणणं एकच. लठ्ठपणात चरबीमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी गर्दी करतात. मॅक्रोफेज म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीतल्या भक्षक पेशी. जंतू गिळणं, मेलेल्या पेशींचा कचरा उचलणं हे त्यांचं काम. सडपातळ शरीराच्या चरबीत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत. खूप लठ्ठ माणसांच्या चरबीत ते जवळजवळ चाळीस टक्क्यांपर्यंत, आणि अतिलठ्ठ उंदरांत पन्नासच्याही वर. जरा विचार करा. आपण ज्याला "चरबी" म्हणून चिमटीत पकडतो, त्यातल्या दर पाच पेशींमागे दोन पेशी चरबीच्या नसून सैनिक असू शकतात.

ते तिथे येतात कशाला? 2005 मध्ये इटलीच्या सॅव्हेरिओ चिंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हे सैनिक कुठेही विखुरलेले नव्हते. नव्वद टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज मेलेल्या चरबीपेशींभोवती कडं करून बसलेले होते. चरबीची पेशी फुगत जाते, एका मर्यादेपलीकडे तिला प्राणवायू नीट पोचत नाही, तिच्यावर ताण येतो, ती मदतीचे रासायनिक निरोप सोडते आणि शेवटी मरते. मरताना तिच्यातला तेलाचा थेंब मागे राहतो. एवढा मोठा थेंब एका मॅक्रोफेजला गिळता येत नाही, म्हणून दहा-बारा जण मिळून त्याला वेढा घालतात आणि चघळत बसतात. आठवडेच्या आठवडे. आणि चघळता चघळता टीएनएफ, इंटरल्यूकिन अशी युद्धाची रसायनं सोडत राहतात.

या रसायनांमुळे आजूबाजूच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. इन्सुलिन दारावर बेल वाजवतंय, आत बेल ऐकूही येतेय, पण आतल्या तारा कुरतडलेल्या, त्यामुळे दार उघडत नाही आणि साखर रक्तातच फिरत राहते. चरबीतून सुटलेली आम्लं यकृतात जाऊन साचतात. यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हीच धग लागते, आणि फाटकापाशी एक माणूस खाली बसतो.

बरं, हे सैनिक मुळात वाईट नाहीत. सडपातळ चरबीतही ते असतातच, पण तिथे ते डागडुजी करणारे, शांत स्वभावाचे. त्यांच्या शेजारी काही टी-पेशी शांतता राखतात. 2009 साली एकाच वेळी तीन गटांनी दाखवलं की लठ्ठपणात हा समतोल ढळतो. शांतता राखणाऱ्या टी-पेशी कमी होतात, मारक टी-पेशी वाढतात. टोकियोच्या गटाला तर उंदरांत दिसलं की या मारक टी-पेशी मॅक्रोफेजच्याही आधी येतात आणि त्यांना आत बोलावतात. म्हणजे गावात दंगल होण्याआधी जसं काही लोक येऊन कान फुंकून जातात, तसं.

आता आमच्या भागातलं उदाहरण देतो, कारण मला स्वतःला हे सगळं त्यानंच समजलं. माझे वडील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते. लहानपणी डबा द्यायला जायचो. कापूस सुटा असताना पेटला तर भडका उडतो, सगळ्यांना दिसतो, बंब येतो. पण दाबून बांधलेल्या गाठीत जर एखादी ठिणगी अडकली, तर बाहेर काहीच दिसत नाही. ज्वाळा नाही, धूरही फारसा नाही. गाठ आतल्या आत धुमसत राहते, कित्येक दिवस. वरून पाणी मारलं तरी आत पोचत नाही. वडील सांगायचे, जुने हमाल गाठीवर हात ठेवून बघायचे. आकारावरून कधीच नाही. मोठी गाठ थंड असू शकते आणि छोटी आतून लाल.

आत्या ही मोठी गाठ होती आणि काका ही छोटी. आणि आम्ही आकार बघत बसलो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. याचा सगळ्यात ठळक पुरावा परदेशातला नाही, आपल्या पुण्याचा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा मजेदार फोटो-लेख छापला. फोटोत दोन शास्त्रज्ञ, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्याच्या दृष्टीनं दोघे जुळे भाऊ. आतून एकात दुसऱ्याच्या दुप्पट चरबी! एका शास्त्रज्ञानं स्वतःचं पोट पुराव्यादाखल जगासमोर ठेवलं, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आमच्या घरात कुणी स्वतःचं पोट मोजूनही घेत नाही.

पण याज्ञिकांचं याहून महत्त्वाचं काम खेड्यांतलं आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटानं गर्भार बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. 2003 साली त्यांनी तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तिकडचं 3.5 किलोचं. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान. हातपाय बारीक, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त एक गोष्ट जवळपास टिकून होती, ती म्हणजे चरबी. बारीक दिसणारं, पण आतून स्निग्ध असं बाळ. त्याआधीच, 2002 मध्ये, नाळेच्या रक्ताच्या तपासणीतही वजनाच्या मानानं इन्सुलिन आणि लेप्टिन जास्त सापडलं होतं.

यापुढचं नीट वाचा, कारण इथेच आपल्या "हावरटपणा"च्या गोष्टीचा पाया उखडतो. या बाळांच्या आया हावरट नव्हत्या. त्या शेतात राबणाऱ्या, बारीक बायका होत्या. याच अभ्यासात दिसलं की ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध होतं त्यांची बाळं मोठी होती, आणि ज्या जास्त अंगमेहनत करत होत्या त्यांची लहान. दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. म्हणजे तो टणक मडक्यासारखा पोटाचा गोळा कुठून सुरू होतो? पंगतीतल्या चौथ्या बट्टीपासून नाही. त्याच्या फार आधी. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं खाणाऱ्या एका गर्भार बाईच्या ताटापासून.

माझी आजी कापूस वेचायची. काकांच्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत वेचत होती, हे ती अभिमानानं सांगायची. आम्हीही अभिमानानं ऐकायचो.

ज्यांच्या कातडीखालची कोठारं मुळातच लहान आहेत, त्यांचं थोडंसं जास्तीचं अन्नही लवकर उतू जातं आणि पोटाच्या आत, यकृतात, नको तिथे जाऊन बसतं, असं या विषयातल्या बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. भांडं लहान असलं की दूध आधी उतू जाणारच. दूध किती ओतलं हा एक प्रश्न आहे. भांडं केवढं होतं हा दुसरा. आपण फक्त पहिला विचारतो, आणि तोही फक्त जाड्या माणसांना.

हे सगळं वाचल्यावर मीही एकदा स्वतःला मोजलं. उंची 169 सेंटिमीटर, वजन 64 किलो. बीएमआय साधारण 22.4, म्हणजे याज्ञिकांच्या शेजारीच! खूश झालो. मग बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. पोटाचा घेर 93 सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी धोक्याची खूण आहे 90, बायकांसाठी 80. रक्त तपासलं. एचबीएवनसी 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळे एका सुरात म्हणाले, "तुम्हाला? छे! तुम्ही तर किती फिट आहात!" काकांनाही हेच म्हणायचे.

आणि हा माझा एकट्याचा किस्सा नाही. 2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. मधुमेही 10.1 कोटी, उंबरठ्यावरचे 13.6 कोटी. बीएमआयच्या हिशेबानं लठ्ठ 28.6 टक्के, पण पोटाच्या घेराच्या हिशेबानं लठ्ठ 39.5 टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात आमचे काका बसतात. मीही तिथेच बसलोय.

आता आत्याकडे येतो. गेली दोन वर्षं तिला थकवा होता, दम लागायचा, आवाज घोगरा झालेला, अंगावर सूज, थंडी सहन होईना. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे दार उघडून आत जाताच निदान तयार, "आजी, वजन कमी करा." तिसऱ्या ठिकाणी ती गेलीच नाही. मी म्हटलं चल, तर म्हणाली, "राहू दे रे भाऊ. काय सांगतीन? वजनच सांगतीन ना. ते मले माहीत आहे." शेवटी जानेवारीत मी हट्टानं नेलं. साधी रक्ताची तपासणी केली आणि निघालं काय, थायरॉईड पार मंदावलेलं. रोजची एक छोटी गोळी. दोन वर्षं त्या एका गोळीवाचून गेली, कारण तिच्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाला, माझ्यासकट, तिचं वजन दिसत होतं आणि त्यामुळे ती दिसत नव्हती.

तिची साखर? सामान्य. आजही. तिची चरबी बरीचशी कंबरेखाली, मांड्यांवर, आणि ती चरबी पोटातल्या चरबीपेक्षा कमी त्रासदायक असते. गुडघे मात्र गेलेत, रक्तदाब आहे. म्हणजे वजनाचं ओझं खोटं आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की ते ओझं कुठे आहे, कशाचं आहे, हे न बघता निकाल देऊ नका.

इथे कुणीतरी म्हणणार, "म्हणजे खाण्याचा काही संबंध नाही, सगळा दोष त्या पेशींचा. आता बट्टीवर बट्टी हाणायला मोकळे!" नाही हो. सुरुवात जास्तीच्या अन्नापासून आणि कमी हालचालीपासूनच होते, हे कुणीच नाकारलेलं नाही. पेशी फुगली नसती तर मेलीही नसती. पण "कारण" आणि "दोष" हे दोन वेगळे शब्द आहेत. ठिणगी कुठून आली हे शोधणं वेगळं आणि गाठीला शिव्या देणं वेगळं. शिव्या देऊन आजवर कुठलीही गाठ विझलेली नाही.

दुसरे भेटतात ते चलाख लोक. यांना "इन्फ्लमेशन" हा शब्द सापडलाय आणि आता ते त्यावर डबे विकतायत. हळदीची कॅप्सूल, दाह घालवणारा काढा, एकवीस दिवसांत पोटाची आग शांत. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्याला दोन तरी येतात. त्यांना एवढंच सांगायचंय की हा प्रयोग तुमच्याआधी मोठमोठ्यांनी करून पाहिलाय. टीएनएफ अडवणारं औषध मधुमेही माणसांना दिलं, साखरेत फरक पडला नाही. अॅस्पिरिनच्या जातकुळीतलं सॅल्सॅलेट दिलं, 2013 च्या चाचणीत साखर उतरली, पण थोडीच. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन अडवणारं महागडं इंजेक्शन हृदयविकार झालेल्या लोकांना दिलं, त्या चाचणीचे निकाल 2017 साली आले. पुढचे झटके काही प्रमाणात कमी झाले, पण नवा मधुमेह टळला नाही. आणि 2014 मध्ये उंदरांवर असंही दिसलं की चरबीतला हा दाह पार दाबून टाकला तर चरबी नीट वाढूच शकत नाही, आणि मग तेल यकृतात साचतं. म्हणजे थोडी धग घर सावरायलाही लागते. आग खरी आहे, पण ती एका बादलीनं विझणारी नाही. बाटलीतल्या काढ्यानं तर नाहीच. हळद भाजीत घाला, छान लागते.

तिसरे लोक म्हणजे "मनावर घेतलं की होतं" वाले. "अमक्यानं पंधरा किलो उतरवलं, आणि परत वाढवलं. मनोबळच नाही!" चरबीच्या पेशीही मरतात आणि नव्या येतात, वर्षाला साधारण दहा टक्के बदलतात, हे 2008 मध्ये कळलं. पण एकूण संख्या प्रौढपणी जवळपास तेवढीच राहते. वजन उतरलं तरी. आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की वजन उतरल्यानंतरही चरबीच्या पेशींमध्ये जुन्या लठ्ठपणाच्या खुणा शिल्लक राहतात, उंदरांत आणि माणसांतही. उंदरांमध्ये तर या पेशी नंतर तेल जास्त जोमानं ओढून घेतात. म्हणजे जो माणूस उतरलेलं वजन टिकवायला झगडतोय तो आळशी नाही. त्याचं शरीर त्याच्याविरुद्ध ओढतंय आणि तो तरीही दोरी धरून उभा आहे. त्याला हसायचं की हात द्यायचा?

मग करायचं काय? मी काही पथ्याचं पुस्तक लिहायला बसलेलो नाही. पण घरच्यांसाठी चार गोष्टी.

टेलरची टेप घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं पोट मोजा. बारीक माणसांचं आधी. पुरुष 90, बाई 80. पुढे गेलं असेल तर साखर, रक्तदाब तपासा. टेप स्वस्तात मिळते.

चाला. रोज. काटा हलला नाही म्हणून सोडू नका. वजन तेवढंच राहूनही पोटातली चरबी कमी होऊ शकते, आणि स्नायू साखर ओढून घेतात. आपल्या कळण्याच्या भाकरीला, पालेभाजीला, भाजलेल्या वांग्याला नावं ठेवून परदेशी ओट्सच्या मागे लागू नका. भरीत निर्दोष आहे, त्यावर ओतलेलं वाटीभर तेल तेवढं नाही.

ज्यांना औषधाची गरज आहे त्यांना ते घेऊ द्या. 2025 पासून आपल्याकडेही वजनाची नवी इंजेक्शनं मिळू लागली. ती कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. पण "इंजेक्शन घेऊन बारीक झाली, त्यात काय मोठं" असं म्हणणाऱ्यानं स्वतःची रक्तदाबाची गोळी आधी खिडकीबाहेर फेकावी.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. घरात कुणी गर्भार असेल तर तिचं ताट आधी वाढा. सगळ्यांच्या आधी. दूध, पालेभाजी, फळ. केळ्यांच्या जिल्ह्यात राहतो आपण, घरातल्या गर्भार बाईला केळं नशिबी नसावं? जे साठ वर्षांनी कुणाच्या तरी हृदयात पेटणार आहे ते विझवायची खरी वेळ तेव्हा असते.

भुसावळ स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात लहानपणी नाणं टाकायचो. जाड पुठ्ठ्याचं तिकीट यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. "आपण लवकरच यशस्वी व्हाल" वगैरे. आम्ही खो खो हसायचो, वजनाचा आणि भविष्याचा काय संबंध म्हणून. मोठेपणी मात्र तेच करत बसलो. आत्याच्या तिकिटावर एक भविष्य लिहिलं, काकांच्या तिकिटावर दुसरं. दोन्ही खोटी निघाली.

परवा धुळ्याला आत्याकडे जेवायला गेलो होतो. गोळीनं तिला बरं वाटतंय, आवाज सुटलाय. पांझरेच्या काठानं सकाळी थोडं चालून येते. वजन? विचारलं नाही. तिनं दुसरी भाकरी घेतली, घास तोडला, आणि सवयीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलतोय का म्हणून.

ती नजर गेली पाहिजे. बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण आपल्या घरातल्या बाईनं घास तोंडात घालण्याआधी असं कुणाकडे बघायला नको.

असो. खूप लिहिलं. टेप शोधा.